अंजिराचं झाड, लबाड कारभारी आणि नव्या करारातल्या अडलेल्या जागा

रामबागी (इंदूर), धागाकर्ता

नमस्कार मंडळी. धर्मावर धागा काढला की तिसऱ्या प्रतिसादात हाणामारी सुरू होते हे माहितीये, तरी काढतोय. आम्ही इंदूरचे काही मराठी लोक, रामबाग आणि सुदामानगरकडचे, रविवारी सकाळी बसून मार्क आणि लूक ही दोन शुभवर्तमानं (नव्या करारातली येशूच्या चरित्राची पुस्तकं) मराठीतून वाचतोय. निम्मे ज्ञानेश्वरी-दासबोधवाले, दोघंतिघं चर्चमधली आणि एक कट्टर नास्तिक, जो मुख्यतः पोह्यांसाठी येतो. पानंच्या पानं सरळ जातात आणि मग एखादी अशी जागा येते की सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो म्हणजे नंतर गोलगोल नको. अशा जागी लोक एकतर "बघा बघा यांच्या ग्रंथात काय लिहिलंय" म्हणून टाळ्या पिटतात नाहीतर "अहो त्याचा खरा अर्थ तसा नाहीच मुळी" म्हणून विषय मिटवतात. मला दोन्ही पटत नाही. एखादी ओळ आपल्याला टोचते तेव्हा ती त्या काळच्या लोकांनाही टोचली का, आणि टोचली तर त्यांनी तिचं काय केलं, हे आधी बघावं. कारण त्यांनी तिथे जी सारवासारव केलीये तीच पुष्कळ सांगून जाते.

उदाहरण, मार्क अध्याय ११. येशू यरुशलेमात येतो, संध्याकाळ झालेली, मंदिरात जातो, सगळीकडे नजर फिरवतो आणि काही न बोलता गावाबाहेर निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागलेली, लांबून पानांनी भरलेलं अंजिराचं झाड दिसतं, जवळ जाऊन बघतो तर नुसती पानं. आणि मार्क स्वतःहून सांगतो की तो अंजिरांचा मोसमच नव्हता! मग झाडाला शाप, यापुढे तुझं फळ कुणी न खावो. तिथून मंदिरात जाऊन विकणाऱ्यांना हाकलणं, सराफांचे चौरंग उलथणं. आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी तेच झाड मुळापासून वाळलेलं.

मोसम नव्हता तर झाडाचा काय गुन्हा? बर्ट्रांड रसेलने १९२७ च्या 'मी ख्रिस्ती का नाही' या व्याख्यानात हाच मुद्दा काढला होता. पण त्याच्या कितीतरी आधी मत्तयने, म्हणजे आणखी एका शुभवर्तमानाने, काढला होता असं म्हणायला जागा आहे. मार्क सगळ्यात आधीचा असं बहुतेक अभ्यासक मानतात. मत्तय तीच गोष्ट घेतो पण "मोसम नव्हता" हे वाक्यच गाळतो, आणि झाड उभ्या उभ्या तिथेच वाळवतो. लूक तर घटनाच घेत नाही, त्याच्याकडे १३व्या अध्यायात दाखला, म्हणजे बोधकथा, आहे की तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक तोडायला निघालाय आणि माळी म्हणतो अजून एक वर्ष द्या, आळं करतो, खत घालतो. म्हणजे पहिल्याच शतकात ते वाक्य अडलेलं होतं.

तुम्हाला अडलेल्या जागा टाका. बघू काय होतं.

पोहेजलेबी (इंदूर)

रुमाल टाकून ठेवतोय. भिया तुमच्या त्या नास्तिकाशी अपन शंभर टक्के सहमत, पोहे चांगले असले तर मीपण कुठलाही ग्रंथ ऐकेन.

तर्ककर्कश (पुणे)

अंजिराच्या बाबतीत नेहमीचं स्पष्टीकरण असं असतं की तिकडे मार्च-एप्रिलमध्ये पानांबरोबर छोटी हिरवी कच्ची फळं येतात, ती खातातही लोक, तर ती नव्हती म्हणजे झाड वांझ. झालं समाधान. मला हे वकिली वाटतं. झाडाने काय करार केला होता का?

रामबागी

@तर्ककर्कश, वकिली आहेच. आणि गंमत म्हणजे मार्कनेच ते दार लावून टाकलंय. त्याला झाडाला दोषी ठरवायचं असतं तर मोसमाचं वाक्य लिहिलंच नसतं, मत्तयने नाही का गाळलं. मार्कने ते मुद्दाम ठेवलंय, म्हणजे त्याला झाडाची फिर्याद चालवायचीच नाहीये.

त्याची मांडणी बघा. झाड, मंदिर, पुन्हा झाड. मार्कला एक गोष्ट अर्धी सोडून मध्ये दुसरी घालायची सवयच आहे, अध्याय ५ मध्ये याईराच्या आजारी मुलीकडे जाता जाता मध्येच बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई येते, मुलगीही बारा वर्षांची. तिथे दोन गोष्टी एकमेकींवर उजेड टाकतात, तसं इथेही असणार. आदल्या संध्याकाळी मंदिर नुसतं "बघून" परत, सकाळी झाड "बघायला" जवळ. लांबून हिरवंगार, जवळ गेलं तर काही नाही. मंदिरात तो जे बोलतो त्यातलं "लुटारूंची गुहा" हे जुन्या करारातल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, अध्याय ७ मधलं आहे, आणि त्याच यिर्मयाच्या पुढच्याच अध्यायात परमेश्वर म्हणतो की अंजिरावर अंजीर नाही, पानंही वाळतील. मीखा या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातही पहिल्या अंजिरांची भूक आहे. ऐकणाऱ्या यहुदी माणसाला हे जोडून द्यावं लागत नसणार.

आणि मार्क लिहिला गेला तो काळ साधारण सन ७० च्या आगेमागे, जेव्हा तीताच्या रोमन सैन्याने ते मंदिर जाळून पाडलं. मोसम नव्हता हे वाक्य त्या वाचकाला कसं लागलं असेल? मंदिराला वाटत होतं आपल्याला अजून वेळ आहे. असं मी वाचतो. झाडाचा जीव गेला तो गेलाच, त्याबद्दल मी काही सफाई देत नाही.

तर्ककर्कश

हे बरं आहे. निदान झाडाला शिव्या तरी नाही दिल्या.

जुना_करार (इंदूर)

मी चर्चमधली. आजोबा नगरकडून आले, उपासना आमच्याकडे आता हिंदीत होते पण घरात बायबल मराठी. खरं सांगू का, आमच्याकडे या भागावर प्रवचन झालं की पाळकसाहेब झाडावरून थेट बावीस-तेवीसव्या वचनावर उडी मारतात, विश्वास असेल तर डोंगर समुद्रात जाईल, आणि मंदिराचं नावच नाही. तेही जुनंच आहे म्हणा, अवघड जागेवरून पटकन पुढे जायचं.

मला अडणारी जागा वेगळी. लूक १४:२६. जो माझ्याकडे येतो आणि आपल्या बापाचा, आईचा, बायकोचा, मुलांचा, भाऊबहिणींचा, स्वतःच्या जिवाचाही द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही. एकीकडे आईबापांचा मान राख म्हणून आज्ञा आणि इकडे हे. मत्तय १०:३७ मध्ये तेच सौम्य आहे, माझ्यापेक्षा आईबापांवर जास्त प्रीती करतो तो मला योग्य नाही. मला लहानपणी हेच सांगायचे की मत्तयवरून लूक समजून घे. पण लूकमध्ये द्वेष लिहिलंय ते लिहिलंयच ना.

लष्करवाले (ग्वाल्हेर)

जुना_करार ताई, यावर आमच्या मीमांसकांकडे, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांकडे, एक जुनं हत्यार आहे, बघा उपयोगी पडतंय का. नहि निंदा न्याय. शबरस्वामींच्या भाष्यातला. एखाद्या गोष्टीची निंदा केलेली असते ती त्या गोष्टीला खरोखर नावं ठेवायला नसते, तर समोरच्या दुसऱ्या गोष्टीची थोरवी ठसवायला असते. वेदात एका विधीची स्तुती करताना दुसऱ्याला तुच्छ म्हटलेलं असतं आणि तो दुसराही विधी विहितच असतो, मग दोन्ही खरं कसं, म्हणून हा न्याय काढला.

आणि आपल्याकडे उत्तरेत राहणाऱ्यांना तर विनयपत्रिकेतलं तुलसीदासांचं ते पद पाठच असतं, ज्याला राम-वैदेही प्रिय नाहीत तो कितीही जिवलग असो, कोटी वैऱ्यांसारखा त्याचा त्याग करावा. पुढे यादीच आहे, प्रल्हादाने बाप सोडला, बिभीषणाने भाऊ, भरताने आई. तुलसीदास काय आईबापांविरुद्ध होते? त्यांच्याइतकं पितृभक्तीचं कुणी लिहिलं नाही. भक्तीची भाषा अशीच टोकाला जाते हो.

तर्ककर्कश

काका, न्याय सुंदर आहे पण धागाकर्ता म्हणतो तेच झालं ना, टोचणारी ओळ गुळगुळीत. "तसं म्हणायचं नव्हतं त्यांना."

लष्करवाले

गुळगुळीत कुठे? प्रल्हादाचा बाप शेवटी मेलाच.

रामबागी

काका :) हे लाख बोललात.

न्याय मला मान्य आहे, फक्त तो वाक्याचा रोख सांगतो, किंमत कमी करत नाही. लूकच्या पहिल्या वाचकांना ही नुसती बोलण्याची लकब वाटली नसणार. सन २०३, कार्थेज. पर्पेतुआ नावाची बावीस वर्षांची बाई, अंगावर पिणारं मूल, चांगल्या घरची, ख्रिस्ती झाली म्हणून तुरुंगात. तिच्या नावावर जी तुरुंगातली हकिकत टिकून राहिलीये तिच्यात म्हातारा बाप पुन्हा पुन्हा येतो, हात चुंबतो, पाया पडतो, माझ्या पिकल्या केसांकडे बघ, तुझ्या पोराकडे बघ, एवढं एक म्हण की मी ख्रिस्ती नाही. ती म्हणत नाही. तिला बापाचं वाईट वाटतं हे ती स्वतः सांगते. नंतर आखाड्यात तिला जनावरांपुढे टाकतात आणि शेवटी तलवारीने मारतात. त्या बापाच्या जागी बसून ते वचन वाचा, तो त्याला द्वेषच म्हणेल.

जुना_करार

हे वाचून एकदम लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. १८९५ ला ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि तिथल्या ओढाताणीबद्दल स्मृतिचित्रांत त्या हसत हसत लिहितात पण वाचणाऱ्याला हसू येत नाही. आमच्या घराण्यातही अशी एक शाखा आहे जिचं नाव काढत नाहीत. म्हणजे हे वचन मराठी माणसाने प्रत्यक्ष भोगलेलं आहे. मला वाटतं म्हणूनच आम्हाला मत्तयवरून समजून घ्यायला सांगत असावेत.

मुनीमजी (इंदूर)

आता माझी पाळी. लूक १६, अन्यायी कारभारी. हा दाखला चर्चमधल्या लोकांना म्हणे फार अवघड जातो, मला वाचल्या वाचल्या घरचा वाटला. आमच्याकडे दोन पिढ्या सियागंजात आणि छावनीच्या अनाज मंडीत मुनीमगिरी केलेली.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी गोष्ट. श्रीमंत मालक, कारभारी माल उधळतो अशी कागाळी येते, मालक म्हणतो हिशोब दे आणि चालता हो. कारभारी मनात म्हणतो, खणायची ताकद नाही, भीक मागायची लाज वाटते. मग एकेका देणेकऱ्याला बोलावतो. तुझं किती? शंभर बुधले तेल. बस, पटकन पन्नास लिही. तुझं? शंभर खंडी गहू. ऐंशी लिही. आणि मालकाला कळतं तेव्हा तो चिडायचं सोडून शाबासकी देतो की शहाणपणाने वागला. लोक म्हणतात येशूने अफरातफरीची तारीफ केली.

भाऊ, आकडे बघा आकडे. ऐंशीचे शंभर म्हणजे सवाई. पन्नासचे शंभर म्हणजे दामदुपट. पेरणीला धान्य उचलायचं आणि खळ्यावर सवाईने नाहीतर दिढीने भरायचं हे जुने लोक सगळे जाणतात. आणि दुपटीच्या वर व्याज चढू द्यायचं नाही हा आपल्या धर्मशास्त्रातला नियम, मुंबई इलाख्यात कोर्टांनीही पाळलेला. मोशेच्या नियमशास्त्रात तर आपल्या भाऊबंदाकडून व्याजच घ्यायचं नाही अशी सक्त मनाई, निर्गम २२ बघा, लेवीय २५ बघा, अनुवाद २३ बघा. मग सावकार काय करतो? दस्तात मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवतच नाही. पन्नास दिले, शंभर लिहून घेतले, आता शोधा व्याज. तर कारभाऱ्याने जे कापलं ते मालकाच्या घामाचं नव्हतं, वर चढवलेलं होतं. मालकाने बोंब मारली तर त्यालाच सांगावं लागेल की मी व्याज खात होतो, आणि गप्प बसला तर गावभर नाव त्याचंच, काय उदार शेठ. म्हणून शाबासकी! मुनीम लोकांची ही चाल आहे हो, शेठला असा कोपऱ्यात घ्यायचा की त्याला हसावंच लागेल.

पोहेजलेबी

भिया हे भोत भारी. दामदुपट लूकमध्ये!

सयाजीबाग (बडोदा)

मुनीमजी, तुमच्या वाटेने आधी एक मोठा माणूस गेलाय. डंकन डेरेट. लंडनला प्राच्य कायद्यांचे प्राध्यापक, हिंदू कायद्यावरचे त्यांचे ग्रंथ आपल्याकडचे वकील-अभ्यासक वापरतात. त्यांनी १९६१ मध्ये याच दाखल्यावर लिहिलं की हा कारभारी दस्तातलं लपवलेलं व्याज सोडून देतोय. पुढे १९७० ला 'लॉ इन द न्यू टेस्टामेंट' नावाचं पुस्तकच केलं. हिंदू कायदा शिकलेल्या माणसालाच हे दिसावं यात नवल नाही.

रामबागी

मुनीमजी, तुमच्या बाजूची अजून एक गोष्ट मीच देतो. लूक १६:१४ मध्ये लिहिलंय की धनलोभी परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी गट) हे सगळं ऐकत होते आणि येशूची टर उडवत होते. व्याजाचा दस्त असेल तर ती टर का उडाली ते कळतं, नियमशास्त्र तोंडाने पाळणारेच ते दस्त लिहून घेत असणार.

पण अडचणी आहेत. शंभर बुधले म्हणजे मूळ मापाने दोन हजार लिटरच्या वर तेल. हा पेरणीचं बी उचलणारा कूळ नाही, मोठा ठेकेदार किंवा व्यापारी आहे. आणि लूक ८व्या वचनात त्याला अन्यायीच म्हणतो, नोकरी गेल्यावर लोकांनी घरात घ्यावं म्हणून कागद बदलणारा. तुमच्या वाचनात तो जवळजवळ पुण्यवान होतो आणि मग गोष्टीतली मजाच जाते. शिवाय दाखल्यानंतर लूकने बोध दिलेत ते एक नाही, ओळीने आहेत. या जगाचे लोक प्रकाशाच्या लेकरांपेक्षा हुशार. मग, अन्यायाच्या धनाने मित्र जोडा. मग, थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, जे कारभाऱ्याच्या अगदी उलट आहे! मग, देव आणि धन दोघांची चाकरी जमणार नाही. सी. एच. डॉड या बायबलच्या अभ्यासकांनी १९३५ मध्ये म्हटलं होतं की ही तीन वेगळ्या प्रवचनांची टिपणं वाटतात. म्हणजे लूकच्या आधीच लोक या गोष्टीशी झगडत होते आणि लूकने कुठलाच निकाल न देता सगळी टिपणं ठेवून दिली. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

मुनीमजी

लबाड तर तो होताच, नाही कोण म्हणतंय. मी एवढंच म्हणतो की शेठही होता. दोघांनी एकमेकांना ओळखलं. हे ज्याने गल्ल्यावर बसून बघितलं नाही त्याला कळणार नाही.

सयाजीबाग

आता मार्कचा शेवट घेऊ या का? कारण धागाकर्त्याचं जे म्हणणं आहे ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

सिनाय आणि व्हॅटिकन अशा दोन सगळ्यात जुन्या जवळपास पूर्ण पोथ्या, दोन्ही चौथ्या शतकातल्या. दोन्हींत मार्क १६:८ ला संपतो. बायका रिकामी कबर बघून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या घाबरल्या होत्या. बस. येशूचं दर्शन नाही, काही नाही. छापील बायबलात पुढे ९ ते २० वचनं असतात, तिथे दर्शन आहे, सुवार्ता सांगा आहे, साप उचलतील, विष प्यायले तरी बाधणार नाही हेही आहे. ९व्या वचनात मग्दालीया मरीयेची अशी ओळख करून दिलीये की जिच्यातून सात भुतं काढली होती ती, जणू वाचकाला ती आत्ताच भेटतेय, आणि ती तर त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात आलेली असते! दुसऱ्या हाताने जोडलंय हे उघड आहे. तरी जोड जुनी आहे, इरेनिअस या बिशपने सन १८० च्या सुमारास त्यातलं वचन मार्कचं म्हणून दिलंय. एक छोटा वेगळा शेवटही काही पोथ्यांत मिळतो. म्हणजे एकापेक्षा जास्त लोकांना वाटलं की हे असं संपता कामा नये.

आमच्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती केली, १९६० ते १९७५, सात खंड. मी त्या इमारतीत काम केलेल्यांकडून ऐकत वाढले की पोथ्या लावताना अडखळणारा पाठ दिसला की सावध व्हायचं, कारण नकलनवीस अवघड गोष्ट सोपी करतो, सोपी अवघड सहसा करत नाही. हेच तत्त्व नव्या करारासाठी १८व्या शतकात बेंगेल या जर्मन अभ्यासकाने मांडलं.

लष्करवाले

नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती याच कारणाने. लोकांनी मध्ये मध्ये आपल्या ओव्या घुसवल्या होत्या. आणि शेवटी ताकीद, ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा.

जुना_करार

प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीसही तशीच ताकीद आहे, यात भर घालील त्याच्यावर पुस्तकात लिहिलेल्या पीडा येतील. पण सयाजीबाग ताई, माझ्या आईला जर मी सांगितलं की मार्कची शेवटची बारा वचनं मागाहूनची आहेत तर ती मला जेवायला वाढणार नाही. तिच्यासाठी ते शास्त्रच आहे, अनेक शतकं चर्चने ते वाचलंय.

सयाजीबाग

वाचावं की. उत्तरकांडही लोक वाचतातच. फक्त त्या वचनांच्या जोरावर कुणी साप उचलू नयेत. अमेरिकेत अॅपलेशियाच्या डोंगरांत ही प्रथाच आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, उपासनेत विषारी साप हातात घेतात. तिचा मोठा प्रचारक जॉर्ज हेन्स्ली १९५५ साली सापच चावून गेला.

तर्ककर्कश

पाठचिकित्सा न केल्यामुळे मृत्यू. हे मी कुठेतरी लिहून ठेवणार.

सयाजीबाग

आणि आता ज्यासाठी मी खरं तर या धाग्यावर आले ते. पौल या प्रेषिताचं करिंथकरांस पहिलं पत्र, १४:३४-३५. बायकांनी मंडळीत गप्प राहावं, काही विचारायचं तर घरी नवऱ्याला विचारावं. याची सफाई कोण देतंय बघू.

रामबागी

सफाई नाही देत. नोंदी देतो. एक, याच पत्रात तीनच अध्याय आधी, ११:५, पौल बायकांनी प्रार्थना करताना आणि संदेश सांगताना डोक्यावर काय असावं यावर बोलतोय. म्हणजे बायका मंडळीत बोलत होत्या आणि त्याला ते माहीत होतं. दोन, काही पोथ्यांत ही दोन वचनं ४०व्या वचनानंतर येतात, क्लॅरोमोंटानस ही पोथी त्यातली. जागा बदलणारा मजकूर बऱ्याचदा समासात लिहिलेला असतो आणि नकलनवीस त्याला मिळेल तिथे आत घेतो. गॉर्डन फी यांच्यासारखा अतिशय परंपरानिष्ठ अभ्यासकही या वचनांना मागाहूनची भर म्हणतो. तीन, रोमकरांच्या पत्राच्या शेवटी पौल फीबे, प्रिस्का, युनिया या बायकांची नावं मानाने घेतो.

तर्ककर्कश

आणि चार, ही वचनं अजिबात नाहीत अशी एकही पोथी मिळालेली नाही. जागा बदलते, पण असतात सगळीकडे. तुम्ही झाडाच्या वेळी म्हणालात टोचणारी ओळ खरी माना, मत्तयने गाळली ती लबाडी. आणि इथे टोचणारी ओळ आली की लगेच समासात ढकलली. हे सोयीचं झालं.

रामबागी

रास्त आहे. पण फरक असा की झाडाच्या बाबतीत मोसमाचं वाक्य मार्कच्या मांडणीत घट्ट बसतं, काढलं तर काहीतरी तुटतं. इथे ३३ वरून थेट ३६ वर गेलात तर विषय, म्हणजे संदेश देणारे आणि त्यांची शिस्त, सलग चालू राहतो. टोचणं हा एकटाच पुरावा नव्हे, मजकुरात ती ओळ कशी बसते हे दुसरं. तरी पौलानेच लिहिलं असेल तर लिहिलं असेल, मग पौल स्वतःशीच विसंगत आहे आणि तसं म्हणून पुढे जावं.

जुना_करार

पंडिता रमाबाईंचं यात नाव घ्यायलाच हवं. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनमच्या कॉलेजात होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये म्हणून बिशपांनी हरकत घेतली, आणि या बाईने पत्रांतून सरळ विरोध केला, आपली विवेकबुद्धी कुणाच्या हाती दिलेली नाही अशा सुरात. नंतर केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. म्हणजे गप्प राहा हे वचनही त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं असणार. गाळलं नाही.

पोहेजलेबी

हा धागा आता बुकमार्क. एक बेसिक प्रश्न, हे सगळं करायचा काही नियमच नव्हता का सुरुवातीच्या लोकांकडे? म्हणजे अडलं तर काय करायचं असा?

रामबागी

होते की. अडतं हे तर नव्या करारातच कबूल आहे, २ पेत्र ३:१६, पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत आणि लोक त्यांचा विपर्यास करतात.

ऑरिजेन, तिसरं शतक, अलेक्झांड्रियाचा. तो म्हणतो की असे अडथळे देवाने मुद्दाम पेरलेत, नाहीतर लोक वरवरची गोष्ट वाचून खूश होऊन घरी गेले असते. सूर्य नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कसा झाला? असा कुठला डोंगर आहे जिथून सगळ्या जगाची राज्यं दिसतात? जिथे शब्दशः अर्थ लागत नाही तिथे आत खण. अंत्युखियाकडच्या ख्रिस्ती पंडितांना हे फार मोकाट वाटायचं, ते म्हणायचे आधी इतिहास आणि व्याकरण सांभाळ.

ऑगस्टिन या बिशपचा नियम वेगळा. स्पष्ट जागांवरून अस्पष्ट जागा लाव, आणि तुझ्या अर्थाने देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम वाढत नसेल तर तुला अजून काही समजलेलंच नाही. हा मला सगळ्यात आवडतो.

तर्ककर्कश

हा तोच ऑगस्टिन ना, ज्याने लूक १४:२३ मधलं मेजवानीचं वाक्य, लोकांना आत येण्यास भाग पाडा, ते उचलून दोनातिस्त या फुटीर ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर सरकारी बळजबरी योग्य ठरवली? सन ४०८ च्या सुमारास. प्रेमाचा नियम हातात असताना. आणि जुना_करार यांना अडलेलं द्वेषाचं वचन तिथून तीनच वचनं पुढे आहे. तो दाखला तर अवघड पण नव्हता हो, सरळ जेवणाचं आमंत्रण.

रामबागी

हो तोच. आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. सोपी वाटणारी जागा कुणी तपासत नाही, म्हणून तिथे काहीही खपतं.

लष्करवाले

आमच्याकडे तात्पर्यनिर्णयाची, म्हणजे ग्रंथाचा रोख ठरवायची, सहा लिंगं (खुणा) सांगितलीत, उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. टिळकांनी गीतारहस्यात सुरुवातीलाच हीच घेतलीत. त्यांनी गीतेतून कर्मयोग काढला आणि शंकराचार्यांनी संन्यास, लिंगं तीच. नियमाने माणूस सरळ होत नाही, बाकीच्यांना त्याला कुठे पकडायचं तेवढं कळतं.

पोहेजलेबी

आता जाता जाता मीपण एक टाकतो. १ करिंथ १५:२९. मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणारे. हे काय प्रकरण?

रामबागी

पौल पुनरुत्थानावर वाद घालतोय आणि मध्येच म्हणतो, मेलेले उठत नसतील तर मेलेल्यांच्या वतीने जे बाप्तिस्मा घेतात ते काय करतील? चांगलं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही, "आपण" न म्हणता "ते" म्हणतो, आणि पुढे निघून जातो. यावर ढिगाने अर्थ लावलेत. मला सरळ वाटतं की करिंथात काही लोक तसं करत होते, आणि पौलाने त्यांचीच प्रथा त्यांच्याविरुद्ध वापरली.

ख्रिसोस्तोम हा धर्मगुरू चौथ्या शतकाच्या शेवटी प्रवचनात सांगतो की मार्कियोनपंथी (चर्चने पाखंडी ठरवलेला गट) हे करायचे. बाप्तिस्म्याआधी कुणी मेला की त्याच्या पलंगाखाली एक जिवंत माणूस लपवायचा, मग प्रेताला विचारायचं, बाप्तिस्मा हवा का, आणि खालून आवाज यायचा, हवा. मग त्या खालच्याला द्यायचा. ख्रिसोस्तोम विरोधक होता, हसवायलाच सांगतोय, तेव्हा मीठ लावून घ्या. आणि १८४० पासून अमेरिकेतले मॉर्मन याच वचनावरून पूर्वजांसाठी बाप्तिस्मा घेतात, अगदी गंभीरपणे.

जुना_करार

आमच्या गटात पुढच्या रविवारी हेच घ्या. पाळकसाहेबांनाही बोलवते, बघू ते कुठल्या वचनावर उडी मारतात.